ऑपरेशन झालं, सिगरेटही सुटली. आता चढणाऱ्या वजनाचं काय?

बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेलं ऑपरेशन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं. वजन उतरलं, शर्ट-पँटी टेलरकडून दोनदा आत घेऊन झाल्या. मग सर्जनच्या तंबीमुळे म्हणा, घरच्यांच्या कटकटीमुळे म्हणा, सिगरेट सोडली आणि दोन महिन्यांत काटा दोन-अडीच किलो वर सरकला. अशा वेळी जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतं, ‘ओढत होतो तेच बरं होतं.’ या विचाराच्या आहारी जायचं नसेल तर पुढचे टप्पे कामाला येतील. स्लीव्ह (जठर कापून नळीसारखं अरुंद करणं), बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं), मिनी बायपास यांपैकी काहीही झालेलं असो, मूळ गोष्टी त्याच आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. औषधांचा शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या सर्जनचा.

१. आधी हिशेब समजून घ्या

निकोटीन भूक मारतं आणि शरीराचं इंधन थोडं जास्त जाळतं. दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्याच्या बाबतीत हा जास्तीचा खर्च साधारण २०० कॅलरींचा धरतात. सिगरेट सुटली की तो थांबतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे खाण्यात तिळमात्र फरक न करताही महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वाढ होऊ शकते. त्यात तोंडाची चव आणि नाकाचा वास परत येतो, हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, दरवळ स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जाणवायला लागतो, आणि भूकही वाढते.

ऑपरेशन न झालेल्या लोकांत सिगरेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग पहिल्या तीन महिन्यांत येतो. नंतर वेग आपोआप मंदावतो. हे ठाऊक नसल्यामुळेच लोक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, वाढ सर्वांत जोरात असताना, धीर सोडतात.

दुसरी गोष्ट. ऑपरेशननंतर वजन साधारण बारा ते अठरा महिन्यांत तळाला जातं आणि तिथून थोडं वर येणं नेहमीचंच असतं. तुमची सिगरेट नेमकी त्याच सुमारास सुटली असेल तर दोन वाढी एकमेकींत मिसळतात. म्हणून कॅलेंडर काढा आणि वाढ सिगरेट सोडण्याच्या आधी सुरू झाली की नंतर, ते बघा. आधीच सुरू झाली असेल तर सगळं खापर सिगरेटवर फोडू नका, खाण्याचीही झडती घ्या.

आता परत ओढायला का लागायचं नाही ते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं, त्या जोडावर व्रण होण्याची सर्वांत मोठी कारणं म्हणजे धूम्रपान आणि अंगदुखीच्या गोळ्या. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जोडाला रक्त कमी मिळतं, व्रण भरत नाही. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भोकही पडतं. स्लीव्हवाल्यांना छातीतली जळजळ आधीच छळत असते, धुराने ती वाढते. चार किलो उतरवता येतात. फुटलेल्या व्रणाला मात्र पुन्हा ऑपरेशन टेबल.

२. जमवाजमव

घरात हे हवं:
– १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा
– स्वयंपाकघरातला छोटा काटा. पहिले दोन आठवडे मोजलं की नजर बसते
– शिंप्याची टेप, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजायला
– एक लिटरची बाटली, गोळ्यांचा आठवड्याचा डबा, एक साधी वही

डॉक्टरांकडे जाताना हे न्या:
– डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनचा नेमका प्रकार आणि तारीख असते
– गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड)
– चालू गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट
– ऑपरेशनआधीचं वजन, सर्वांत कमी झालेलं वजन, सिगरेट सोडल्याची तारीख आणि त्या दिवशीचं वजन
– गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर तेही. काय बसतं नि काय नाही ते काउंटरवर आधी विचारून घ्या

सिगरेट सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ ही टोल-फ्री राष्ट्रीय क्विटलाइन आहे, सिगरेटच्या पाकिटावरच छापलेली असते. गोव्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) परिसरातली मनोरुग्णालयाची संस्था, आपण सगळे जिला आयपीएचबी म्हणतो, व्यसनमुक्तीचे उपचार करते. नाव ऐकून बिचकू नका, केसपेपर काढा. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतही तंबाखू सोडण्याच्या मदतीची चौकशी करता येते.

३. पहिले दोन आठवडे: वजनाला हात लावू नका

पहिला आठवडा सर्वांत कठीण. चिडचिड, झोपमोड, डोकं जड, तोंडाला सतत काहीतरी हवं. याच आठवड्यात कडक डाएट सुरू करणं ही नेहमीची चूक. भूक आणि तलफ एकदम अंगावर आली की दोन्ही आघाड्या हातच्या जातात. या काळात खाण्याच्या वेळा पक्क्या करा, प्रथिनं पुरी करा, बाकी काही नको.

इथे तीन खड्डे आहेत.

डोकेदुखी. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सवयीने तोंडात जाते. बायपासवाल्यांनी या गोळ्यांपासून लांबच राहायचं, स्लीव्हवाल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय नाही. पॅरासिटामॉल चालते. फार्मसीत ‘डोकेदुखीची गोळी द्या’ असं मोघम मागू नका, नाव घेऊन मागा.

कॉफी. तंबाखूच्या धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करत असतं. धूर थांबला की तीच कॉफी शरीरात जास्त वेळ राहते. मग छाती धडधडते, रात्री झोप येत नाही, आणि माणूस समजतो की हे सिगरेट सोडल्यामुळेच. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोडाची भूक वाढते. कॉफी सरळ निम्मी करा, दुपारी तीननंतर बंद. चहालाही हेच. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचं, उदाहरणार्थ ओलॅन्झपिन आणि क्लोझपिन यांचं, रक्तातलं प्रमाणही अशाच कारणाने वाढतं. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सिगरेट सोडण्याच्या आधी कळवा.

बद्धकोष्ठ. सिगरेट सोडल्यावर शौचाला खडा होणं अगदी कॉमन, आणि त्याने पोट फुगून काट्यावरही थोडा फरक दिसतो. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोट-घोट प्या. इसबगोल मनाने सुरू करू नका: कमी पाण्यात घेतला तर तो फुगून अरुंद जागेत अडकू शकतो.

४. जेवणांच्या मधल्या वेळेवर पहारा

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशन झालेल्या माणसाला एका बैठकीत दोन ताटं जेवताच येत नाही. मग वजन वाढतं कुठून? दोन जेवणांच्या मधून. जे पदार्थ तोंडात विरघळतात किंवा चहाबरोबर भुगा होऊन उतरतात, त्यांना छोटं पोट अडवत नाही. बांगड्याचे चार घास खाल्ले की पोट ‘बस’ म्हणतं, चिवड्याचे चाळीस घास गेले तरी गप्प राहतं.

गोव्यातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पाच वाजता ऑफिसबाहेरच्या गाड्यावर सगळे जमतात. पूर्वी तुमच्या एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्यात सिगरेट असायची. आता दुसरा हात मोकळा. समोर काचेच्या कपाटात मिरची भजी, बटाटवडे, बन्स. कुणीतरी कागदावर दोन भजी पुढे करतो, हात जातो. घरी आल्यावर चहात बुडवलेलं कांकण (बांगडीसारखा कडक पाव). टीव्हीपुढे काजू. यातलं एकही ‘जेवण’ नाही, त्यामुळे हिशेबात धरलं जात नाही. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम काजू सुमारे १७० कॅलरी होतात. चहातली दोन चमचे साखर ४० कॅलरी. दिवसाचे पाच चहा झाले की साखरेच्याच २०० झाल्या, म्हणजे सिगरेट जेवढ्या जाळत होती तेवढ्याच.

करायचं काय:

दिवसाचे खाण्याचे प्रसंग पाच ठरवा आणि वेळेसकट वहीत लिहा. त्याबाहेर तोंडात जाईल ते फक्त पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी किंवा फुटी कढी (नारळ न घातलेली कोकमाची कढी). सोलकढी वेगळी, तिच्यात नारळाचा रस असतो आणि तो पेल्यागणिक पोटात उतरतो. पेजही तशीच फसवी: हलकी म्हणून पितात, पण भूक भागत नाही आणि तासाभरात परत काहीतरी हवंसं वाटतं.

तलफ बहुतेक तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं हाताला काम द्या. किल्ल्यांचा जुडगा, रबर बॉल, काहीही. तोंडाला लवंग किंवा वेलची पुरते. साखर लावलेली रंगीत बडीशेप नको, साधी भाजलेली चालेल. च्युइंगगम चघळताना हवा गिळली जाते आणि छोट्या पोटात ती दुखते. गम गिळला तर जोडाशी अडकायचीही भीती.

जेवणानंतरच्या सिगरेटचं वेगळं सांगायला हवं. ओढणाऱ्याच्या डोक्यात ती सिगरेट म्हणजे ‘जेवण संपलं’ ही खूण असते. खूण गेली की जेवण संपतच नाही, माणूस पातेल्यातली फोड उचलतो, मग फ्रीज उघडतो. नवी खूण बसवा. ताट स्वतः उचलून धुवा, दात घासा आणि दहा मिनिटं घराबाहेर पडा. दात घासणं फालतू वाटेल, पण टूथपेस्टच्या चवीवर काही खावंसं वाटत नाही.

घरच्यांनाही एक काम द्या. फरसाण, खाजें, बिस्किटांचे डबे नजरेआड आणि शक्यतो बंद कपाटात. ‘एकाने काय होतंय’ हे वाक्य चवथीला, जत्रेला आणि नाताळात शेजारून दोदोल-बेबिंक आलं की हमखास ऐकू येतं. बायपासवाल्यांना गोडाने डंपिंगही होतं: खाल्ल्यावर थोड्या वेळाने घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. नेवरी खायचीच असेल तर अर्धी, जेवणानंतर, बसून. उभ्याने डब्यातून नाही.

५. ताटात काय

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. प्रत्येक जेवणात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात किंवा पोई (कोंड्याचा गोवन पाव). जेवणाबरोबर पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबा. पाण्याने अन्न लवकर खाली सरकतं आणि पोट रिकामं वाटतं. जेवायला वीस ते तीस मिनिटं लावा. सिगरेट सुटल्यावर भुकेच्या घाईत लोक भराभर गिळतात आणि उलटी करतात.

मासे खाणाऱ्या घरातला एक नमुना:

सकाळी साडेआठ: दोन अंडी, अर्धी पोई (१४ ग्रॅम प्रथिनं)
अकरा: एक ग्लास साय काढलेलं दूध (६-७)
दुपारी एक: एक मध्यम बांगडा, अर्धी वाटी भाजी, दोन-तीन चमचे उकडा भात (सुमारे १८)
साडेचार: अर्धी वाटी चण्यांची उसळ (५-६)
रात्री आठ: ७०-८० ग्रॅम सुंगटं (कोळंबी) किंवा पनीर, भाजी (सुमारे १४)

बेरीज साठाच्या जरा खालीच राहते. म्हणूनच दुपारचा मासा वगळून नुसतं शीत-कडीवर (भात आणि कालवणाच्या रसावर) भागवलं की दिवस फुकट जातो. सोमवारी, श्रावणात किंवा शिवराक (शाकाहारी) जेवणाच्या दिवशी मासळीच्या जागी पनीर, सोयाबीन, मुगाची उसळ, घट्ट दही. नुसतं तोंडाक (नारळाच्या वाटणातली कडधान्याची भाजी) पुरत नाही, कारण वाटीत वाटण जास्त आणि कडधान्य कमी असतं. हुमणातला मासा खा, वाटणाचा रस ताटात राहू द्या. रव्यात तळलेल्या मासळीचं कवच तेल पितं. त्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात भाजलेली बरी. कोरडी, वातड चिकन अडकते, रश्शातली मऊ उतरते.

गोळ्या चुकवू नका. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, आणि कॅल्शियम सिट्रेट. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास ठेवा, एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. लोह कमी पडलं की दम लागतो, दम लागला की चालणं बंद होतं, आणि वजन वाढीचं कारण भलतंच शोधलं जातं.

६. पॅच, गम, गोळ्या

निकोटीन पॅच पोटाला वळसा घालून त्वचेतून जातो, म्हणून ऑपरेशन झालेल्यांना तो त्यातल्या त्यात सोपा. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना साधारणपणे २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सहा आठवडे, मग १४ चे दोन, मग ७ चे दोन असा क्रम असतो. कमी ओढणाऱ्यांना १४ पासून. मात्र निकोटीन ते निकोटीनच: जोडावर व्रण होता किंवा आहे त्यांनी सर्जनच्या होकाराशिवाय लावू नये. आपल्या दमट हवेत पॅच सुटतो. तेल न लावलेल्या, कोरड्या, केस नसलेल्या जागी, दंडावर किंवा पाठीवर लावा, दहा सेकंद दाबून धरा आणि रोज जागा बदला.

निकोटीन गम घेणार असाल तर दोन-चार वेळा चावून गालाशी ठेवा, चव गेली की परत चावा. चहा, कॉफी, कोकम सरबत यांच्या आधी पंधरा मिनिटं आणि बरोबर गम नको, आंबटाने निकोटीन शोषलं जात नाही. आणि गिळायचा तर मुळीच नाही.

ब्युप्रोपिऑनने भूक आणि वजनवाढ काही काळ थोपते, म्हणून या गटात डॉक्टर तिचा विचार करतात. पण ती हळूहळू विरघळणारी गोळी असते आणि बायपासनंतर तिचं शोषण बदलू शकतं. फिट येणाऱ्यांना आणि खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेल्यांना ती देत नाहीत. व्हरेनिक्लिनने मळमळ होते, छोट्या पोटात ती जास्त त्रास देते. भरल्या पोटी घ्या. दोन्ही चिठ्ठीवरच.

व्हेप हा पर्याय नाही. २०१९ पासून देशात ई-सिगरेटवर बंदी आहे. किनाऱ्यावर कुणी हातात ठेवली तरी आत निकोटीनच असतं. मिश्री, तपकीर, खैनी यांचंही तेच. सिगरेट सोडून मिश्री धरलेल्याला ‘सोडली’ म्हणत नाहीत.

७. दारू

बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, स्लीव्हनंतरही फरक पडतो. पूर्वी दोन पेग पचवणारा एकात डुलायला लागतो. ६० मिलिलिटर काजू फेणीत सुमारे १४० कॅलरी, त्यात लिम्काचा गोडवा वेगळा, आणि फसफसणारं पेय छोट्या पोटाला तसंही वाईट. त्याहून मोठा धोका असा की पहिल्या पेगानंतर सिगरेट मागितली जाते. निदान पहिले तीन महिने तावेर्नाची (दारूच्या गुत्त्याची) पायरी नको. उराकाचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) मोसम दर वर्षी येतो.

८. हालचाल

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. ऑपरेशननंतर चरबीबरोबर स्नायूही घटलेले असतात. ते परत बांधले तर निकोटीनने केलेल्या खर्चाची थोडीफार भरपाई होते. मिरामार किंवा कांपालला सकाळी चालणं छानच, पण जून ते सप्टेंबर काय? पावसासाठी घरातला पर्याय आधीच ठरवा, नाहीतर चार महिने बुटांना बुरशी येते.

९. काट्याचे आकडे कसे वाचायचे

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी. रोज चढलात तर पाण्याच्या चढउताराने डोकं फिरेल. महिन्यातून एकदा पोटाचा घेर.

सिगरेट सोडल्या दिवसापासून दोन-तीन किलो, तीन महिन्यांत: अपेक्षित. वही तपासा, एवढंच. तीन महिन्यांनंतरही वाढ त्याच वेगाने चालू, किंवा एकूण पाच किलोच्या वर: आहारतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना भेटा. थायरॉइड, चालू औषधं, गरज पडली तर दुर्बिणीतून पिशवीचा आणि जोडाचा आकार बघितला जातो. सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची गोष्टही तिथेच काढा, ओळखीच्या फार्मसीत नको. मधुमेह असेल तर पहिले दोन-तीन महिने साखर जास्त वेळा मोजा, कारण सिगरेट सोडल्यावर ती काही काळ वर जाऊ शकते.

पोटात सतत दुखणं, जेवल्यावर जळजळून कळ येणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा पाणीही न टिकणं: यात वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून कॅज्युअल्टी गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकट आणि घाणेरड्या वासाची नसते. शंका आली तरी जा. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-१ जीवनसत्त्व घसरतं आणि नसांवर परिणाम होतो, म्हणून ‘होईल बरं’ म्हणत आठवडा काढू नका.

१०. एखादी ओढलीच तर

लग्नात, शिगम्याच्या रात्री, भांडणानंतर एखादी ओढली जाते. पाकीट विकत घेऊ नका आणि उरलेलं घरी आणू नका. वहीत वेळ, जागा आणि सोबत कोण होतं ते लिहा. दोन-तीन नोंदींत तीच माणसं नि तीच वेळ दिसायला लागते. पॅच चालू असेल तर एका सिगरेटपायी तो काढून टाकू नका, दुसऱ्या सकाळी ठरलेल्या वेळी नवा लावा. सलग दोन-तीन दिवस ओढत राहिलात तर मात्र पॅचची ताकद कमी पडत असेल. तसं डॉक्टरांना सांगा, आणि बायपास झालेला असेल तर आम्ल कमी करणारी गोळी परत सुरू करायची का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.